टाकून दिलेला श्वास

हृदयाच्या आकाराचा केक कापण्याची कल्पना विक्रीविभागाची होती. आमच्या नव्या स्कॅनरचे पहिले यंत्र ज्या दिवशी रुग्णालयात बसले, त्या दुपारी तो केक कार्यालयातल्या लांब टेबलावर आणून ठेवण्यात आला. स्कॅनरच्या पडद्यावर हृदय जसे दिसते तसाच तो करवून घेतला होता. घोड्याच्या नालेसारखा वाकलेला, पिवळ्यातून नारिंगीत आणि नारिंगीतून तांबड्यात उतरत गेलेला, वर चकचकीत जेलीचा थर. विक्रीप्रमुखांनी सुरी चालवली तेव्हा आतून लाल पाक सुटला आणि त्यांच्या मनगटापर्यंत ओघळला. तो चाटून पुसत ते म्हणाले, "घ्या बाई, डावी भिंत तुम्हाला. तुमच्याच हातची आहे."

बाईंनी ताटली घेतली आणि खिडकीत ठेवून दिली. संध्याकाळी पाहिले तेव्हा तिच्यावर माश्या बसल्या होत्या.

बाई म्हणजे मध्यस्थबाई. हे नाव त्यांना कार्यालयाने दिले होते आणि ते त्यांच्या कामावरून पडले होते. आमच्या स्कॅनरमध्ये रुग्णाच्या छातीची दोन चित्रे निघतात. पहिले क्ष-किरणांचे. ते काही सेकंदांत निघते आणि छातीत कुठे हाड, कुठे मांस, कुठे हवेने भरलेले फुफ्फुस आहे याचा नकाशा देते. दुसरे चित्र शिरेतून दिलेल्या किरणोत्सारी औषधाचे. हे औषध रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जाते, तिथून किरण जोडीजोडीने विरुद्ध दिशांना सुटतात आणि यंत्राच्या कड्यात बसवलेले हजारो स्फटिक त्यांना टिपतात. जिथे रक्त कमी पोचते तिथे चित्र फिके पडते. मात्र बाहेर येता येता यांतले पुष्कळ किरण वाटेतले मांस गिळून टाकते. हवा जवळजवळ काहीच गिळत नाही. म्हणून यंत्र नकाशा पाहते आणि जिथे जितके गिळले गेले असेल तितके भरून काढते. हृदयाची कड चुकून नकाशातल्या फुफ्फुसावर पडली, तर यंत्राला वाटते, इथे हवाच आहे, भरून काढण्यासारखे काही नाही. मग ठणठणीत भिंतही फिकी दिसते, आणि ठणठणीत माणूस आजारी ठरतो.

ही दोन चित्रे एकमेकांवर नेमकी बसवणारा प्रोग्रॅम बाईंचा होता. रोज सकाळी कुणी ना कुणी विचारायचेच, "काय बाई, स्थळ जुळलं का?" आणि बाई मान वर न करता म्हणायच्या, "मुलगा अजून अर्धा मिलिमीटर आखडून बसलाय."

त्यांचे वय तेव्हा चोपन्न होते. बांधा किरकोळ, चालणे ताठ. पर्समध्ये पोलादी पट्टी कायम असे. शेजाऱ्यांच्या दारातले पायपुसणे तिरके दिसले तर पायाने सरळ करून पुढे जायची त्यांना सवय होती. अभियांत्रिकीची पदविका घेतल्यावर पहिली सहा वर्षे त्यांनी दुधाच्या कारखान्यात नळ्यांचे आराखडे काढण्यात घालवली होती. त्या सहा वर्षांत त्यांचे नाक असे तयार झाले, की बाटलीचे झाकण उघडण्याआधीच त्या नासलेले दूध ओळखत. पुढे चहासुद्धा त्यांनी बिनदुधाचा धरला. त्या म्हणत, "नासणं एका दिवसात होत नाही. आधी ते चांगल्यासारखंच लागतं." असे बोलून झाल्यावर त्या स्वतःच ओशाळत, कारण मोठी वाक्ये बोलणाऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

मी त्या कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत असे आणि माझे टेबल त्यांच्या शेजारी होते.

तळघरातल्या प्रयोगशाळेत एक रबरी छाती होती. आत पाण्याने भरलेली पोकळी, भुशाची फुफ्फुसे, मधोमध रबरी हृदय आणि खाली ते सारे हलवणारी मोटर. यंत्राची प्रत्येक परीक्षा त्या छातीवर होई. तिला आधी भरायचे, मग पुसायचे, अलगद निजवायचे, अंगावर चादर घालायची आणि एवढे करूनही ती रुसून गळू लागली तर सगळ्यांनी धावायचे. म्हणून तिचे नाव जावई. "जावईबापूंची आंघोळ झाली का?" असे विचारल्याशिवाय तळघरातला दिवस सुरू होत नसे.

जावयाला श्वास मात्र आम्ही दिला होता. छातीला पट्टा बांधून बाकावर दहा मिनिटे पडायचे, पट्टा श्वासाची रेघ उमटवायचा आणि तीच रेघ मोटरला द्यायची, म्हणजे जावई तुमच्यासारखा श्वास घेऊ लागायचा. नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात बाकावर पडायचे हा आमच्याकडचा रिवाजच होता. अशा बावीस नोंदी जमल्या होत्या. त्या नोंदींमध्ये छाती आठ मिलिमीटरहून जास्त कधी सरकली नव्हती. बाईंनी थोडी मोकळीक धरून प्रोग्रॅमला दहा मिलिमीटरची हद्द घालून दिली. एवढ्या अंतरात चित्र इकडेतिकडे सरकवून पाहायचे, सर्वांत चांगले बसेल तिथे ठेवायचे आणि पडद्यावर हिरवी खूण द्यायची: जुळले.

नोंदी खरे तर तेवीस होत्या. तेविसावी सफाईवाल्या मावशींची. एका दुपारी कुणीतरी थट्टेने त्यांना बाकावर निजवले होते. पट्टा आवळताच मावशींना हसू फुटले, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता धाप लागली. फरशीचे तेजाब वर्षानुवर्षे नाकात गेल्याने त्यांचा श्वास मुळातच उथळ आणि तुटक होता. रेघ कोंबडीने पाय ओढल्यासारखी उमटली. बाईंनी तिच्यावर 'खराब नोंद, वगळली' असे लिहून सही केली होती.

दोन्ही चित्रे एकावर एक ठेवून दाखवणारा एक पडदा आधी यंत्रात सर्वांत पुढे होता. करड्या छातीवर रंगीत हृदय. तो दिसायला ओबडधोबड होता, पण चूक झाली असेल तर पहिल्या नजरेत कळत असे. विभागप्रमुखांना, ज्यांना आम्ही नुसते साहेब म्हणत असू, तो पडदा आवडला नाही. "मुलगी दाखवायची तर तिचा एक्स-रे कशाला समोर ठेवता?" असे ते बैठकीत म्हणाले आणि सगळे हसले. पडदा तीन मेनूंची दारे ओलांडून आत गेला. पुढे राहिले ते फक्त सुंदर रंगीत हृदय आणि कोपऱ्यात हिरवी खूण. बाईंनी विरोध केला नाही. जावयाच्या बावीस परीक्षांत बावीस वेळा हिरवी खूण बरोबर आली होती. माहितीपुस्तिकेत मी लिहिले, 'हिरवी खूण दिसल्यास जुळणी पुन्हा तपासण्याची आवश्यकता नाही.' बाईंनी ते वाचले आणि एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

केक कापून सात महिने झाले होते. एका रविवारी दुपारी बाईंचे धाकटे दीर आणि जाऊ त्यांच्याकडे आले. भावजी शहरातली जोडबस चालवत. एकावन्न वर्षांचे, पोट सुटलेले, आवाज हॉर्नसारखा. त्या दिवशी मात्र ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, आणि पाणी पिऊन झाल्यावर पेला हातातच धरून राहिले.

"स्टिअरिंग काढून घेतलं वहिनी," ते म्हणाले. "डेपोत चौकशीच्या खिडकीत बसवलंय. माणसं मला विचारतात अमकी बस कधी येणार. मला काय माहीत? मी कधी थांब्यावर उभा राहिलोय का?"

चालकांच्या वार्षिक तपासणीत त्यांच्या हृदयाचा आलेख संशयास्पद आला होता. म्हणून स्कॅन झाला. स्कॅनमध्ये हृदयाच्या बाहेरच्या भिंतीला रक्त कमी पडत असल्याचे निघाले. आता गुरुवारी मनगटातून तार घालून, हृदयाच्या नळ्यांत रंगद्रव्य सोडून तपासायचे ठरले होते.

"तार घालतात तर घालू देत," जाऊबाई म्हणाल्या, "पण ह्यांची किडनी आधीच काठावर आहे ना ताई. डॉक्टर म्हणाले, तो रंग किडनीला सोसला नाही तर पुढं काय ते सांगता येत नाही. पण हृदय आधी, म्हणाले."

"मला काही होत नाहीये हो," भावजी म्हणाले. "जिना चढतो. परवा बंद पडलेली बस ढकलली. आणि हे म्हणतात भिंत गेली."

त्यांनी पाकिटातून कागद काढला. छापील रंगीत हृदय, डाव्या कडेला फिका खड्डा. कुणीतरी चावा घेऊन उरलेले परत ठेवावे तसे. खाली कोपऱ्यात बारीक हिरवी खूण होती.

बाईंनी मला नंतर सांगितले, की त्या कागदाकडे पाहताना त्यांच्या नाकाला आंबूस वास आला. खड्ड्याची कड फार स्वच्छ होती. आजारी भिंत अशी रेघ मारल्यासारखी संपत नाही. पण फुफ्फुसाची कड अशीच असते.

"भावजी, पहिला फोटो काढताना, त्या कड्यात आत सरकवलं तेव्हा, श्वास कसा घेतला होतात?"

"फोटो म्हटल्यावर माणूस काय करतो? छाती पुढं काढली, पोट आत घेतलं."

"पोट आत!" जाऊबाई म्हणाल्या. "एवढ्या पोटाला आत जायला जागा कुठाय?"

"आणि नंतर?"

"नंतर ते औषध दिलं. जीव घाबरा करणारं. म्हणाले, पळाल्यासारखं वाटेल. पळाल्यासारखं कसलं, कुत्रं मागं लागल्यासारखं वाटलं. नुसता भात्यासारखा धापत होतो."

बाई उठून आत गेल्या. यजमान स्वयंपाकघरात चहा गाळत होते. त्यांनी विचारले, "काय झालं?" बाई म्हणाल्या, "काही नाही. हात धुते." आणि त्यांनी ते साबण लावून तीनदा धुतले.

सोमवारी सकाळी त्या आठच्या आधी कार्यालयात आल्या. मी पोचलो तेव्हा मावशी जिना पुसत होत्या आणि बाई दोन पायऱ्या खाली उभ्या होत्या.

"मावशी, तुमची ती जुनी नोंद वापरली तर चालेल का?"

"कुठली? पट्टा बांधला होता ती? फेकली होती ना तुम्ही? घाण आहे म्हणून."

"घाण नव्हतं म्हटलं. खराब म्हटलं होतं."

"आम्हाला दोन्ही एकच. दोन्ही आम्हीच पुसतो." मावशींनी फडके पिळले. "वापरा की. श्वास काय, परत मागणार थोडीच आहे."

तळघरात आम्ही जावयाची चादर काढली आणि दोघेही मागे सरलो. पहिले यंत्र रुग्णालयात बसल्यानंतर त्याचे पाणी कुणी बदललेच नव्हते. झाकण उघडताच डबक्याचा वास आला. रबरी हृदयावर हिरवट बुळबुळीत थर चढला होता. पाहुण्यांना तळघर दाखवायचे होते तोवर त्याची रोज आंघोळ होत होती. बाईंनी बाह्या सारून तो थर हाताने काढला. काढताना त्यांचे तोंड कडू औषध घेतल्यासारखे झाले होते, पण हातमोजे त्यांनी मागितले नाहीत. मग पाणी बदलले, हातमोजे चढवून तळघरातल्या यंत्राच्या रोजच्या तपासणीसाठी येणारे किरणोत्सारी द्रव हृदयात भरले, आणि मोटरला मावशींची रेघ दिली. पहिले चित्र फुगलेल्या छातीने, दुसरे धापत.

जावई धापू लागला. इतक्या वर्षांत आम्ही त्याला असे कधी पाहिले नव्हते. मोटर कण्हत होती, टेबल हलत होते, रबर चर्रचर्र वाजत होते. पंधरा मिनिटांनी चित्र पडद्यावर आले. नव्या कोऱ्या, एकसंध रबरी हृदयाला डावीकडे चावा पडला होता. कोपऱ्यात हिरवी खूण.

"हद्दीला जाऊन टेकलं तरी हिरवं," बाई म्हणाल्या. "दहा मिलिमीटरपर्यंत शोधलं, त्यातल्या त्यात बरं दिसलं तिथं थांबलं, आणि म्हणालं जुळलं."

त्या बाकावर बसल्या. त्याच बाकावर आम्ही सगळे पडलो होतो. पट्टा कसा चालतो हे आम्हाला ठाऊक होते, रेघ सुरेख यावी असे प्रत्येकाला वाटत होते, आणि न ठरवता प्रत्येकाने यंत्राला आवडेल असा श्वास घेतला होता. आम्हांपैकी कुणी घाबरलेला नव्हता. कुणाला ते औषध दिले गेले नव्हते. बावीस निरोगी, पगारी, शहाणे श्वास घेऊन आम्ही आजारी माणसांचे यंत्र बनवले, आणि जो एक श्वास आजारी माणसासारखा आला तो टाकून दिला.

"मला माझीच शिसारी येतेय," बाई म्हणाल्या. माझे ते वाक्य पुस्तिकेच्या एकेचाळिसाव्या पानावर होते.

अकरा वाजता मला बरोबर घेऊन त्या साहेबांकडे गेल्या, दिरांच्या स्कॅनचे सांगितले आणि चित्र पुढे ठेवले. साहेब टेबलावर काजू ठेवून एकेक तोंडात टाकत होते. ते थांबले नाहीत.

"ही नोंद कोणाची?"

"मावशींची."

"म्हणजे जी खराब म्हणून काढली होती ती?" त्यांनी फाईल मागवली, पान उलटले. "ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग? तेव्हा खराब होती, आता चांगली कशी झाली?" काजू चघळत त्यांनी बाईंकडे मायेने पाहिले, आणि ती माया पाहवत नव्हती. "बाई, घरातलं माणूस आहे म्हणून तुम्हाला असं दिसतंय. साहजिक आहे. माझी मेहुणी आजारी होती तेव्हा मलाही सगळीकडे चुका दिसायच्या. पुढच्या आवृत्तीत हद्द वाढवू. शांतपणे. पत्र-बित्र नको."

"गुरुवारी त्यांना तार घालणार आहेत."

"घालू देत की. नळ्या मोकळ्या निघाल्या तर आनंदच आहे. नाही का?"

"त्यांची किडनी काठावर आहे."

"ते डॉक्टर बघतील. आपण काही डॉक्टर नाही." दाताच्या फटीत अडकलेला तुकडा जिभेने काढत ते पुढे म्हणाले, "आणि एक लक्षात घ्या. चूक आहे असं तुम्ही म्हणालात, तर ती यंत्राची होत नाही. ज्याची सही त्याची होते."

"म्हणूनच मी म्हणतेय," बाई म्हणाल्या. बाहेर येऊन त्या पाण्याच्या नळाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "त्या माणसाचं तोंड बघितलंत? त्यात माझा प्रोग्रॅम होता. चघळत होता." नळ बंद करत त्यांनी भर घातली, "आणि वाईट हे की तो खोटं बोलला नाही. सही माझीच आहे."

बुधवारी सकाळी त्या रजा टाकून रुग्णालयात गेल्या. भावजींना त्यांनी बरोबर घेतले होते, कारण तपासणी त्यांची आणि ती पुन्हा उघडा असे म्हणण्याचा हक्कही त्यांचा. मीही गेलो.

चित्रे वाचायची खोली लहान आणि बिनखिडकीची होती. डॉक्टरबाई तरुण होत्या, डोळे थकलेले. सोबत यंत्र चालवणारा एक तंत्रज्ञ होता. त्याने बाईंना ओळखले आणि उठून खुर्ची दिली. "तुमचं यंत्र झकास आहे हो. पूर्वीच्या यंत्रावर जुळणी हाताने तपासण्यात अर्धा तास जायचा. आता खूण बघितली की मोकळे."

बाईंनी खुर्ची घेतली नाही. "तीन नंबरच्या मेनूत जा. त्यात शेवटचं. त्यात 'प्रगत'. आता दोन्ही चित्रं एकावर एक ठेवा."

"हे इथं आहे होय?" तंत्रज्ञ म्हणाला.

करडी छाती आली, तिच्यावर रंगीत हृदय आले. बाहेरची भिंत सरळ फुफ्फुसाच्या काळ्या हवेत जाऊन बसली होती, बसच्या दारातून अर्धे अंग बाहेर काढून लोंबकळणाऱ्या माणसासारखी. भावजींना चित्रातले काही कळत नव्हते, पण त्यांना माणसांच्या पाठी वाचता येत होत्या, आणि आमच्या सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या होत्या.

"हाताने सरकवा," बाई म्हणाल्या. "वर. अजून. अजून थोडं. थांबा." अंतराचा आकडा तेवीस मिलिमीटर दाखवत होता. "आता चित्र पुन्हा बनवायला लावा."

सहा मिनिटे लागली. त्या सहा मिनिटांत भावजी एकदा म्हणाले, "वहिनी, माझं काही वाईट आहे का?" आणि बाई म्हणाल्या, "गप्प बसा हो जरा." इतक्या वर्षांत त्या त्यांच्याशी असे बोलल्या नव्हत्या.

नवे चित्र आले. नालेसारखे, सर्वत्र सारखे पिवळे-नारिंगी. खड्डा नव्हता.

डॉक्टरबाईंनी जुने आणि नवे शेजारीशेजारी ठेवले. पुन्हा ठेवले. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "हिरवी खूण होती हो."

"ती मी दिलेली होती," बाई म्हणाल्या. "चुकीची दिली."

त्यांनी तिथेच, तंत्रज्ञाच्या कागदावर, लिहून दिले: जुळणीच्या प्रोग्रॅमची हद्द अपुरी आहे, हद्द ओलांडली तरी तो 'जुळले' असेच सांगतो, या खुणेवर विसंबू नये. खाली नाव, हुद्दा आणि सही. डॉक्टरबाईंनी हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. दहा मिनिटे त्या आत-बाहेर करत होत्या. शेवटी येऊन भावजींना म्हणाल्या, "उद्या येऊ नका. आहे त्यावर तार घालायचं कारण उरत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू."

"म्हणजे स्टिअरिंग?"

"पत्र देते."

भावजी भिंतीला टेकले. मग खाली वाकून वहिनीच्या पायांना हात लावू लागले. बाई विंचू दिसल्यासारख्या मागे सरल्या. "नको! हात लावू नका मला." त्यांचा आवाज इतका करडा झाला की भावजी तसेच वाकलेले राहिले. "तुमचं मी काहीही चांगलं केलेलं नाही. जे मी बिघडवलं होतं ते पुसलं. समजलं? घरी जा आणि जाऊबाईंना सांगा. बाकी काही सांगू नका."

भावजी गेले. मला वाटले आम्हीही निघू. बाई मात्र आता कुठे खुर्चीवर बसल्या.

"सात महिन्यांत किती झाले?" त्यांनी तंत्रज्ञाला विचारले.

"दोनशेच्या आसपास. का?"

"सगळे उघडायचे."

तंत्रज्ञाने डॉक्टरबाईंकडे पाहिले. डॉक्टरबाईंनी चष्मा पुन्हा चढवला आणि दाराला आतून कडी लावली.

दुपारपर्यंत एकतीस झाले. बहुतेक बरोबर होते, आणि प्रत्येक बरोबर चित्राला तंत्रज्ञ "हे ठीक" म्हणत होता, जणू परीक्षेचे पेपर तपासत होता. मधल्या वेळात साहेबांचे चार फोन येऊन गेले. पाचव्याला बाईंनी उचलला. पलीकडून काय बोलणे झाले ते ऐकू आले नाही. बाई एवढेच म्हणाल्या, "यंत्र बसलेल्या बाकीच्या दहा रुग्णालयांनाही पत्र पाठवतेय. हो, माझ्या नावाने. तुमचं नाव घालायला मला लाज वाटते." त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, "पत्र तुम्ही लिहाल? मला शुद्धलेखन येतं, पण आत्ता ही चित्रं सोडून उठता येत नाही." मी लिहायला घेतले. पहिल्या परिच्छेदात एकेचाळिसाव्या पानावरचे माझे वाक्य उतरवले आणि पुढे लिहिले, की ते खोडावे.

बत्तिसाव्या चित्रात भिंतीला चावा होता. दोन्ही चित्रे एकावर एक ठेवली. हृदय पुन्हा हवेत लोंबकळत होते. हाताने सरकवले, एकोणीस मिलिमीटर. सहा मिनिटे. खड्डा भरून आला.

"यांचं पुढं काय झालं?" बाईंनी विचारले.

तंत्रज्ञाने नोंद पाहिली. "या आजींना तार घातली होती. मनगटातून गेली नाही म्हणून मांडीतून घातली. नळ्या सगळ्या मोकळ्या निघाल्या." त्याला एकदम आठवले तसा तो हसला. "त्या होय! मांडीत रक्त साकळलं होतं त्यांच्या, दोन आठवडे पाय टेकवत नव्हता. पण फार चांगल्या होत्या हो. बऱ्या झाल्यावर काठी टेकत आल्या, आम्हा सगळ्यांना खाऊ घेऊन. म्हणाल्या, एवढं मोठं यंत्र तुमचं, तुमच्यामुळं माझं हृदय नीट आहे हे तरी कळलं."

बाई उठल्या. कोपऱ्यात हात धुण्याचे भांडे होते, त्याच्यावर त्या वाकल्या. नळ सोडलेला होता, तरी आवाज लपला नाही. डॉक्टरबाई पडद्याकडेच पाहत राहिल्या. तंत्रज्ञाचे हसू तोंडावर तसेच राहून गेले होते, ते कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हते.

बाईंनी तोंड पुसले, परत येऊन बसल्या आणि कागदावर बत्तीस या आकड्यापुढे फुली केली.

"त्यांचा पत्ता लिहून द्या," त्या म्हणाल्या. "आणि तेहेतिसावं उघडा."